बेलापूर खाडीत जिताडा मासा: पाणी कोणतं, दोरा कोणता?

प्रश्न: अष्टमीला चौघे मित्र दिवाळे गावाहून होडीने गळ टाकायला जाणार आहोत. जिताड्यासाठी वेळ कोणती धरावी? दोरा गरीजवळच (गळाच्या आकड्याजवळच) तुटतो, तो का?

खाडीकाठ (सदस्य): भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा. 8 चे 6, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत थोडी उशिरा. अष्टमीला भांगाचं पाणी (लहान भरती-ओहोटी), ओढ कमी, त्यामुळे दोऱ्याला 30-40 ग्रॅम शिशाचं वजन पुरतं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) तेच शिसं वाहून जाईल. फार ओहोटेपर्यंत थांबू नका, होडी चिखलात बसते.

गरीवाला (सदस्य): जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. त्याने डोकं झटकलं की दोरा कापला जातो. शेवटचा मीटरभर 40 पौंडी फ्लुरोकार्बन (घासायला टिकणारा पारदर्शक दोरा) बांधा आणि दर माशानंतर तो बोटांतून फिरवून पाहा. खरखरीत लागला की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा, आळस नको. कोळंबी जिवंतच हवी. डोक्यातला काळा ठिपका टाळून गरी टोचा.

भरतीओहोटी (सदस्य): शिंगाळा (काटेवाला मिशाळ मासा) लागला तर पक्कड वापरा. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन विषारी काटे असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टर गाठा. लाईफ जॅकेट चौघांनाही हवंच.