मदत हवी आहे: सीएसएसच्या फ्लेक्स मांडणीतला 'गॅप' (बटणांमधली मोकळी जागा) ब्राउझरला येतो का, हे त्याचं नाव न विचारता कसं ओळखायचं?

निपाणीतल्या एका पतसंस्थेचं पान आहे. बटणं मराठी आणि कन्नड दोन्हींत. कन्नड लेबलं लांब, त्यामुळे ओळ कुठे मोडेल सांगता येत नाही. म्हणून ग्रिड (ठरलेल्या रकान्यांची मांडणी) नको, रॅप होणारा (जागा संपली की पुढच्या ओळीत जाणारा) फ्लेक्सच हवा. सभासदांकडे जिओफोन (कायओएस २.५, म्हणजे फायरफॉक्सचं गेको ४८ इंजिन, स्क्रीन २४० × ३२०) आणि जुने अँड्रॉइड ४.४, ज्यांचं क्रोम ८१ वरच थांबलंय.

जिओफोनचं अडत नाही. त्याला 'गॅप' कळतच नाही, 'ही प्रॉपर्टी येते का' असं विचारणारी सीएसएसची सपोर्ट्स तपासणी 'नाही' म्हणते आणि गॅपऐवजी मार्जिन (प्रत्येक बटणाभोवतीचं अंतर) लागू होतं. घोळ क्रोम ८१ चा आहे. ग्रिडमधला गॅप त्याला ६६ पासून येतो, फ्लेक्समधला मात्र ८४ पासून. प्रॉपर्टी एकच, त्यामुळे तपासणी 'हो' सांगते, मार्जिन निघून जातं आणि बटणं चिकटतात. ठेवीवर बोट ठेवलं की कर्ज उघडतं!

स्क्रिप्टने उंची मोजून ओळखता येतं, पण बरेच जण ऑपेरा मिनीच्या एक्स्ट्रीम मोडवर (पान सर्व्हरवरच आवळून पाठवणाऱ्या) असतात, तिथे स्क्रिप्टचा भरवसा नाही. यूजर-एजंट (ब्राउझर स्वतःची पाठवतो ती ओळख) वाचून वेगळं पान द्यायचं नाही (ती यादी सांभाळणार कोण?). मीडिया 'हँडहेल्ड' (छोट्या उपकरणांसाठीचा सीएसएसचा मीडिया प्रकार) सुचवू नका, ते केव्हाच मोडीत निघालंय.

सध्या गॅपऐवजी अ‍ॅस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण ठरवणारी प्रॉपर्टी) तपासतोय; ती क्रोम ८८, फायरफॉक्स ८९, सफारी १५ पासून आहे. फ्लेक्समधला गॅप तिन्हींत त्याआधीच आलाय. चालतंय, पण हे मागच्या दाराने ब्राउझरची आवृत्ती विचारणंच झालं. अ‍ॅस्पेक्ट-रेशो येतो पण फ्लेक्समधला गॅप येत नाही, असा एखादा ब्राउझर कुणाला माहीत आहे का? की सरळ सगळीकडे निगेटिव्ह मार्जिनच (बटणांना मार्जिन, बाहेरच्या चौकटीला तेवढंच उणे) ठेवू?