शब्दचर्चा : ‘अशास्त्रीय सण’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून व्हॉट्सॲपवर एक मजकूर आला. त्यात वाक्य होतं : ‘नाताळ हा अशास्त्रीय सण आहे, विश्वासणाऱ्यांनी तो पाळू नये.’ अशास्त्रीय म्हणजे विज्ञानाला धरून नसलेलं, असंच मी आजवर वाचत आलोय. पुढे काही ग्रहताऱ्यांचं असेल असं वाटलं, तर निघाली बायबलमधली यिर्मया आणि गलतीकरांस पत्र ही पुस्तकं. इथे शब्दाचा अर्थ वेगळा आहे का? आणि ख्रिस्ती लोकांनाच नाताळ नको, हे कसं?

उत्तर

अर्थ वेगळाच आहे. मराठी ख्रिस्ती घरात नुसतं ‘शास्त्र’ म्हटलं की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. ‘याला शास्त्राधार काय?’ हा आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, रोजचा प्रश्न. त्यात परकं काही नाही. ‘शास्त्रापुरती हळद लावा’ म्हणणाऱ्या बाईच्या मनातही धर्माने सांगितलेली रीतच असते. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रातला अर्थ शाळेच्या पुस्तकांनी पक्का केला आणि ‘अशास्त्रीय’ हा शब्द त्याच बाजूला गेला. ख्रिस्ती मराठीत तो जुन्या बाजूला राहिला.

पण खरी अडचण पुढे आहे. त्या मजकुरात हा एकच शब्द दोन अर्थांची कामं करतो. एक, ‘बायबलने सांगितलेला नाही’. दुसरा, ‘बायबलच्या विरुद्ध आहे’. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ख्रिस्ती जगातला सणांचा सगळा वाद त्या फरकावरच उभा आहे.

25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही, हे कोणीच नाकारत नाही. ती रोममध्ये लिहिलेली दिसते ती 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात. प्रश्न असा, की जे शास्त्राने सांगितलं नाही ते करायचं की नाही? 16व्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याच्या परंपरेचं आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, मंडळीचं म्हणणं : शास्त्राने मनाई केली नसेल तर करता येतं. त्याच शतकातला दुसरा सुधारक कॅल्व्हिन याच्या वाटेने गेलेल्या कडव्या लोकांचं म्हणणं : उपासनेत शास्त्राने सांगितलं नसेल तर करायचंच नाही. दुसऱ्या गटासाठी ‘सांगितलेलं नाही’ आणि ‘विरुद्ध आहे’ हे एकच. म्हणून त्यांना एक शब्द पुरतो.

हे नुसतं बोलून थांबलं नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 मध्ये नाताळ, ईस्टर (ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण) आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) हे सण कायद्याने बंद केले. त्या डिसेंबरात कँटरबरीला दुकानं उघडी ठेवण्याच्या हुकमावरून दंगल झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कॅल्व्हिनच्या वाटेच्या कडव्या इंग्रजांनी, 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, तो 1681 पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 साली मिळाली. ही सगळी माणसं श्रद्धाळू होती, बायबल कोळून प्यायलेली होती. नाताळला विरोध म्हणजे धर्मबुडवेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

याचा धागा आपल्यापर्यंतही येतो. 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन हे न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल मंडळींचं, म्हणजे त्या प्युरिटनांच्याच वारसदारांचं. आज त्याच नगर जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती घरांवर डिसेंबरात कागदी चांदणी लागते आणि आत करंज्या-शंकरपाळे तळले जातात.

प्रतिप्रश्न

मग ईस्टरचं काय? ईस्टर हा शब्द बाबिलोनच्या इश्तार देवीवरून आला, असं त्याच मजकुरात ठासून लिहिलंय. ‘नाव देवीचं, म्हणजे सण देवीचा.’ व्युत्पत्ती बरोबर आहे का?

उत्तर

नाही. दोन शब्द कानाला सारखे लागतात, एवढंच. ही जोडी 19व्या शतकात अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाळकाने लोकप्रिय केली. भाषाशास्त्रात तिला आधार नाही. इंग्रजी ‘ईस्टर’बद्दलची जुनी नोंद बीड या इंग्रज संन्याशाची, 725 च्या सुमाराची. तो म्हणतो, पूर्वीचे लोक या महिन्याला एओस्त्रे देवीचं नाव देत. त्या देवीबद्दलचा एकमेव लेखी पुरावा बीडचाच आहे.

समजा देवीचं नाव खरं आहे. तरी ते फक्त इंग्रजी-जर्मन घराण्यातल्या शब्दाचं. सण त्याहून कितीतरी जुना. ग्रीक-लॅटिनमध्ये तो ‘पास्खा’, पोर्तुगीजमध्ये ‘पास्कुआ’, कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’, आणि या सगळ्यांचं मूळ हिब्रू ‘पेसाह’, म्हणजे यहुद्यांचा मिसरातून सुटकेचा सण, ज्याला मराठी बायबल ‘वल्हांडण’ म्हणतं. इंग्रजी कधी बोलल्या न गेलेल्या देशांत हा सण साजरा होत होता, तेव्हा त्याचं नाव एओस्त्रेकडून येण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि व्युत्पत्तीवरून सण टाकायचा, तर रविवारी उपासनेला कसं जायचं? रवी म्हणजे सूर्यच. ‘प्रभूचा दिवस’ असं म्हणणारे आहेत, पण उपासनेची वेळ कळवताना सगळे रविवारच लिहितात, आणि त्यातून कोणी सूर्यपूजा करत नाही. शब्द कुठून आला आणि आज तो काय सांगतो, या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. अर्थ नुसता ‘जन्माचा’. त्यात कसलीही देवी नाही.

नाताळच्या झाडाविरुद्ध पुढे करतात त्या यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाचंही तसंच. रानातलं झाड कुऱ्हाडीने तोडून सोन्यारुप्याने मढवतात, असं तिथे आहे खरं, पण ते मूर्ती घडवण्याबद्दल आहे. नाताळच्या झाडाची चाल जर्मनीतली, 16व्या शतकाच्या आसपासची.

वसईहून प्रतिसाद

आम्ही कॅथलिक, त्यामुळे ‘अशास्त्रीय’ हा शब्द आमच्याकडे फारसा ऐकू येत नाही. शास्त्राबरोबर परंपरेलाही आम्ही प्रमाण मानतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, लोकांचा आगेरा हा सुगीचा सण घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त. बायबलमध्ये आगेरा नाही, पण शेतकऱ्याने पहिलं पीक देवापुढे ठेवणं जागोजाग आहे. 601 साली पोप ग्रेगरीने इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला कळवलं होतं की लोकांची देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि तिथेच उपासना सुरू करा. आमची रीत त्याच विचाराची. मला खुपतो तो दुसरा शब्द. अशा मजकुरांत ‘पेगन’ (ख्रिस्ती होण्याआधीच्या धर्मांचे लोक) या इंग्रजी शब्दासाठी सरसकट ‘मूर्तिपूजक’ लिहितात. ते बरोबर आहे का?

उत्तर

तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. युरोपात ‘पेगन’ म्हटलं की हजार-दीड हजार वर्षांपूर्वी संपलेले लोक डोळ्यापुढे येतात. तिथे त्या शब्दाने कोणी दुखावत नाही. महाराष्ट्रात ‘मूर्तिपूजक’ म्हणजे समोरच्या दारातल्या काकू, किंवा आपलीच पणजी. म्हणून भाषांतर करताना ‘ख्रिस्तपूर्व रोमन रीत’, ‘जुनी जर्मन चाल’ असं नेमकं लिहावं. ज्याची रीत आहे त्याचं नाव घ्यावं.

इथला खरा वाद नाताळच्या झाडावरून होतच नाही. तो होतो आकाशकंदिलावरून, चर्चच्या दारातल्या रांगोळीवरून, लग्नातल्या हळदीवरून. आणि त्यावर घराघरांत बायकांनी उत्तर शोधलेलं आहे. दिवाळीत शेजारच्या काकू स्टीलच्या डब्यात चिवडा-लाडू घेऊन येतात आणि दारातच सांगतात, ‘प्रसाद नाही हं हा, फराळ आहे.’ आमची आई डबा घेते आणि नाताळात तोच डबा केक आणि नेवऱ्या भरून परत करते. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलं ते असंच : पुढे वाढलेलं निःशंक खा, मात्र हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. काकूंनी ते पत्र वाचलेलं नाही, तरी त्यांना भेद ठाऊक आहे.

प्रतिप्रश्न

मूळ वाक्यातला ‘पाळू नये’ राहिला. सण पाळणं आणि साजरा करणं, यात ख्रिस्ती मराठीत फरक करतात का?

उत्तर

करायला हवा. ‘पाळणे’ मध्ये बंधन आहे : शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) पाळणे, उपास पाळणे. चुकलं तर दोष लागतो. ‘साजरा करणे’ मध्ये आनंद आहे, सक्ती नाही. गलतीकरांना पौल रागावतो ते दिवस, महिने, सणांचे काळ पाळता म्हणून, म्हणजे ते पाळल्याने तारण (पापातून सुटका) मिळतं असं धरून चालता म्हणून. तोच पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो की कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तिथे क्रियापद ‘मानणे’ आहे. यहुद्यांचा पुरीम सण मोशेच्या नियमशास्त्रात नव्हता. एस्तेर राणीच्या काळात लोकांनी तो स्वतःवर लावून घेतला, आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोष दिला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना नाताळ नको त्यांनी तो मुळीच करू नये. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक नाताळ, ईस्टर, वाढदिवस काहीच करत नाहीत, ख्रिस्ताच्या मृत्यूचा स्मारकविधी तेवढा करतात, आणि नोकरीत-नात्यात त्याची किंमत मोजतात. त्या निष्ठेचा मला आदर आहे. पण वाक्य खरं लिहावं. ‘नाताळची तारीख आणि सण शास्त्रात सांगितलेला नाही, म्हणून आम्ही तो मानत नाही’ असं लिहिलं तर त्यावर बोलता येतं. ‘अशास्त्रीय’ लिहिलं की नाताळची चांदणी लावणारा शेजारचा भाऊ एका शब्दात शास्त्राचा विरोधक ठरतो. तसं म्हणायचंच असेल, तर ‘शास्त्रविरुद्ध’ लिहावं आणि कोणत्या वचनाच्या विरुद्ध तेही दाखवावं.