एपीएआरमध्ये कमी मार्क, एमएसीपी अडकेल का?

नागपूरकर:
मी केंद्र सरकारी ऑफिसात आहे, यंदा एपीएआर (कामाच्या मूल्यमापनाचा वार्षिक अहवाल) उघडला तर १० पैकी ५.८, म्हणजे नुसतं 'चांगला'. वर्षभर दोन टेबलांचं काम एकट्याने ओढलं आणि साहेब आमच्या सेक्शनला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. पुढच्या वर्षी एमएसीपी (बढती नसली तरी ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी पगारवाढ) ड्यू आहे, रात्री झोप लागत नाही. काय करू?

जुना हेडक्लार्क:
घाबरू नका पण हातावर हात ठेवून बसूही नका. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ पासून एमएसीपीला 'अति उत्तम' लागतं, म्हणजे किमान ६, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी निवेदन द्या. आणि ते दोन महिन्यांचं तर नक्की लिहा, किमान ३ महिने काम पाहिल्याशिवाय रिपोर्टिंग अधिकाऱ्याला शेरा लिहिता येत नाही!

पुणे ३०:
आधी अहवाल दाखवायचेच नाहीत हो, फक्त वाईट शेरा असेल तरच कळवायचे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने देव दत्त प्रकरणात सांगितलं की प्रत्येक नोंद कळवा, मग २००९ च्या आदेशाने पूर्ण अहवाल हातात यायला लागला. निवेदनात रडगाणं नको, दुसऱ्या टेबलाचा चार्ज दिल्याची ऑफिस ऑर्डर जोडा, किती फाइली काढल्या ते आकड्यात लिहा.

नागपूरकर:
ऑर्डर सापडली! आज रात्रीच लिहायला बसतो, खूप आभार दोघांचे.