खड्ड्यांच्या नकाशासाठी मोबाईलचा डेटा : नागपूरकर जाणकारांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही काही मित्र मिळून नागपुरातल्या खड्ड्यांचा नकाशा बनवून राहिलो आहोत. अँड्रॉइडचं साधं ॲप आहे, गाडी चालवताना मोबाईलमधला ॲक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) झटका पकडतो, जीपीएस जागा सांगतो, दोन्ही सर्व्हरवर जातं, कोणाला थांबून फोटो काढावा लागत नाही. बंगलोरला मायक्रोसॉफ्ट रिसर्चवाल्यांनी २००८ मध्येच 'नेरिसेल' नावाने हे करून दाखवलं होतं, म्हणजे जमतं हे नक्की, पण आमचं दोन जागी अडलंय.

एक म्हणजे वर्धा रोडचा डबल डेकर. वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली जुना रस्ता, आणि जीपीएसला पूल न् खालचा रस्ता एकच! पुलाच्या जॉइंटचे झटके खालच्या रस्त्याच्या नावावर चढून राहिले.

दुसरं मला जास्त टोचतं. धरमपेठ, रामदासपेठ लाल ठिपक्यांनी भरलं आणि कळमना, पारडी, वाठोडा कोरं. आता कोरं म्हणजे रस्ता चांगला असं थोडीच आहे, तिकडे ॲप टाकलेलं कोणी नाही म्हणून कोरं. बोस्टनच्या 'स्ट्रीट बंप' ॲपवरही हाच आक्षेप होता, स्मार्टफोनवाल्यांच्या वस्तीतलेच खड्डे जास्त दिसतात म्हणून. उद्या हा नकाशा बघून कोणी काम काढलं तर डांबर पुन्हा धरमपेठेतच पडेल आणि कळमना मार्केटला माल नेणारा ऑटोवाला पावसात तसाच आदळत राहील. असा नकाशा लोकांपुढे ठेवायची माझी इच्छा नाही. कोणी असा डेटा हाताळला असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद :
भाऊ, नुसते झटके साठवू नका, गाडी कुठून गेली तेही साठवा. रस्त्याचे पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पाडा, प्रत्येकावरून किती फेऱ्या झाल्या आणि किती वेगवेगळे मोबाईल गेले ते मोजा आणि झटक्यांना फेऱ्यांनी भागा. फेऱ्याच कमी आहेत तिथे राखाडी रंग द्या, 'माहिती नाही' असं स्पष्ट लिहा. डबल डेकरसाठी मोबाईलमधला बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) बघा, साधारण आठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, रॅम्पवर तो फरक दिसेल. स्वस्त फोनात बॅरोमीटर नसतो बहुतेक, तिथे गाडी सिग्नलला थांबली का ते बघा, थांबली तर खालचाच रस्ता.

धागाकर्ता :
राखाडीचं एकदम पटलं भाऊ! पण सगळ्या फेऱ्या साठवल्या तर कोण कुठे राहतो ते कळेल ना?

प्रतिसाद :
कळेल तर. म्हणून प्रवासाचे पहिले आणि शेवटचे काहीशे मीटर मोबाईलमध्येच कापा, सर्व्हरवर जाऊच देऊ नका.

धागाकर्ता :
हे आधी करतो. कळमना, पारडी, वाठोड्याकडे ज्यांची रोज ये-जा आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लिंक देतो. टू-व्हीलर, ऑटो, मालाची गाडी, काहीही चालेल.