वैराग्य नव्हे, लक्ष

म्हाताऱ्या कुत्र्याची सेवा वैराग्य शिकवते, असं एका ताईंनी लिहिलंय. मला ते पटत नाही. आमची चिंगी थकल्यावर मी शिकले ते लक्ष द्यायला. तिला ऐकू येईनासं झालं होतं, एकदम हात लावला की दचकायची. मग आधी जमिनीवर हलकी थाप द्यायची, तिचे कान हलले की पाठीवर हात ठेवायचा. जपाला बसून माझं मन कधी इतकं एका जागी राहिलं नाही. संत नामदेवांच्या गोष्टीत कुत्रा पोळी पळवतो आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. त्यांना कुत्र्यात देव दिसला, हे आपण सांगतोच. पण पोळी कोरडी आहे हेही त्यांना दिसलं होतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

अजून एक. रात्रभर येरझाऱ्या, दिवसा झोप, कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहणं, याला 'वय झालं, भोग आहेत' म्हणून सोडून देऊ नका. कुत्र्यांनाही माणसांसारखा स्मृतिभ्रंश होतो. तो पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आणि रात्री मंद दिवा ठेवल्याने बराच आराम पडू शकतो. दुखण्यावर मात्र घरातली माणसांची आयबुप्रोफेन (ब्रुफेन) ही वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका, त्याने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोळी पशुवैद्यांनी दिलेलीच. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरू नयेत म्हणून गुळगुळीत फरशीवर चटया आजच अंथरा.