दोन राउटर, दोन्हीकडे डीएचसीपी चालू: वर नेट कधी येतं, कधी नाही

माडीवरून:
खाली फायबरचा मोडेम, वरच्या मजल्यावर जुना राउटर. मोडेमची केबल वर नेऊन राउटरच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या) घातली आहे. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच. वर कधी नेट झकास चालतं, कधी नुसतंच ‘कनेक्टेड’. आत्ता आईच्या फोनला १९२.१६८.१.७ हा आयपी पत्ता आहे, माझ्या लॅपटॉपला १९२.१६८.०.१०३. खालचा प्रिंटर सारखा ऑफलाइन. डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय, दोन्हीकडे चालू आहे. तसाच ठेवू का?

रात्रपाळी:
केबल वॅन पोर्टात (बाहेरून नेट घेणाऱ्या) घाला, नेट लगेच येईल.

तारजोड:
नेट येईल, पण वरचं नेटवर्क वेगळं पडेल आणि वरून खालचा प्रिंटर शोधूनही सापडणार नाही. मी रोज घरोघरी हीच कामं करतो आणि हा घोळ सारखा दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वायफाय जोडलं की फोन ‘कोणी आयपी देतं का’ असं सगळ्या नेटवर्कला विचारतो. तुमच्याकडे उत्तर देणारे दोघं. बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता फोन घेतो. जुन्या राउटरने दिला तर गेटवे (नेटकडे जायचं दार) म्हणून तो स्वतःचाच पत्ता, १९२.१६८.०.१, सांगतो आणि त्याच्या वॅनला तर काहीच जोडलेलं नाही. नेट येणार कुठून? घरात पत्ते वाटणारा एकच हवा, तो मोडेम.

मोडेममध्ये पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांची रेंज, १९२.१६८.१.१०० ते २०० करा. पुष्कळ मोडेमचा पूल .२ पासूनच सुरू असतो आणि .२ आपल्याला राउटरला द्यायचा आहे, म्हणून हे आधी. मग जुन्या राउटरची मोडेमकडून आलेली केबल काढा, लॅपटॉप त्याला केबलने जोडा, लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. हाच क्रम ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि हाताने आयपी टाकत बसावं लागेल. शेवटी केबल परत लॅनमध्ये.

प्रिंटरला मोडेममध्ये त्याच्या मॅक पत्त्यावर (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) आयपी रिझर्व्ह करून द्या, म्हणजे पत्ता बदलणार नाही. प्रिंटरमध्ये हाताने आयपी टाकू नका. तो पूलमधला निघाला तर उद्या तोच एखाद्या फोनला जाईल.

माडीवरून:
सगळं केलं. आता लॅपटॉप १६९.२५४.३८.९ दाखवतोय, नेट नाही.

तारजोड:
म्हणजे त्याला कोणीच पत्ता दिला नाही, विंडोजने स्वतःच घेतला. केबल वॅनमध्ये आहे का? तिथून लॅपटॉपची हाक मोडेमपर्यंत जात नाही.

माडीवरून:
हो, वॅनमध्येच होती. लॅनमध्ये घातली, वायफाय बंद-चालू केलं आणि १९२.१६८.१.११४ आला. नेट सुरू. प्रिंटरचा मॅक पत्ता कुठे मिळेल?

तारजोड:
मोडेमच्या डीएचसीपी क्लायंट यादीत. तिथूनच कॉपी करा, स्टिकरवरचा बारीक टाइप वाचत बसू नका. रिझर्व्ह केल्यावर प्रिंटर एकदा बंद करून चालू करा.