आईची केमो लांबतेय, किती थांबलेलं चालतं?

नमस्कार. आईचं (वय 58) डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आज 38 दिवस झाले. रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या गोळ्या आणि HER2 वरची औषधं ज्यावर चालत नाहीत असा प्रकार), काखेतल्या दोन गाठींतही आजार निघाला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात केमो सुरू करू म्हणाले होते, पण ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) काढल्यावर काखेत पाणी साचायला लागलं. दोनदा सुईने काढलं. टाक्यांच्या एका कोपऱ्यातून, करंगळीच्या नखाएवढ्या जागेतून, अजून ओल येते. सकाळी मी पट्टी बदलते तेव्हा आई छताकडे बघत राहते आणि एकच विचारते, "सुकली का गं?"

केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात, ओल्या जखमेत इन्फेक्शन वाढू शकतं, हे समजतं. पण शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावी, 90 दिवसांपलीकडे जाऊच नये, आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये उशीर जास्त महागात पडतो, हेही वाचलंय. सर्जन म्हणतात थांबा, केमोचे डॉक्टर म्हणतात सर्जनना विचारा. त्यात आईला शुगर, उपाशीपोटी 160 च्या आसपास. जखम त्यामुळेच रेंगाळतेय असं मला वाटतं.

आम्ही मानेवाड्याला राहतो. नागपुरात कुणाच्या घरी असं पाणी साचून केमो लांबली होती का? किती दिवसांनी सुरू झाली? थोडी ओल असताना दिली का? तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याच्या एनसीआयमध्ये (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) फक्त दुसरं मत घ्यायचं तर ब्लॉक आणि स्लाइड (काढलेल्या गाठीचे तपासणीसाठी ठेवलेले नमुने) सोबत न्याव्या लागतात का?

झाडपाल्याची औषधं कृपया सुचवू नका. सोमवारी पुन्हा सर्जनकडे जायचंय, त्याआधी कळलं तर फार मदत होईल.